राहतबींच्या खिडकीतलं झाड

॥ श्री ॥
नाशिक
१४ जून २०२४

ती. नानांस,
श्रेयाचा शि. सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोहोचले. तुमच्या लेकाने गाडी इतकी हळू चालवली की सायकलवालेही आमच्याकडे वळून बघत पुढे गेले. पण त्यामुळे वाटेत एकदाही त्रास झाला नाही. डॉक्टरबाईंनी आज तपासलं आणि पुन्हा तेच सांगितलं. बाळ होईपर्यंत पलंग सोडायचा नाही, जिना चढायचा नाही आणि चिंता तर अजिबात करायची नाही. चौथ्या महिन्यातच माहेरी येऊन लोळणारी सून फुलंब्रीत कोणी पाहिली नसेल! रूपावहिनी सगळं हातात आणून देते. फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही आणि तुमचं ते कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्रच. मला तरी दुसरा उद्योग काय?

आता खरं काम. स्वयंपाकघराच्या खिडकीत लवदार पानांची छोटी कुंडी आहे ना, ते माझं आफ्रिकन व्हायोलेट. आई जायच्या आदल्या वर्षी तिने ते एका पानापासून वाढवलं आणि माझ्या ओटीत घातलं. इथली तिची बाकीची झाडं तिच्या आजारपणात गेली. तिची खिडकी रिकामीच आहे, बाबा तिचं दारही उघडत नाहीत. म्हणजे आईच्या हातचं आता एवढं एकच उरलंय. प्रवासात त्याला काही झालं असतं म्हणून मन घट्ट करून तुमच्यापाशी ठेवलं. माती वरून सुकली की थोडं पाणी, बस्स. तुम्ही जन्मभर शेती केलेली, तुम्हाला मी काय शिकवणार? बाळाला घेऊन मी घरात येईन तेव्हा त्याला फुलं असावीत, एवढीच माझी इच्छा आहे.

औषधं वेळेवर घ्या. माया आहे तशीच राहू द्या, ही विनंती.

तुमची,
श्रेया


॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर
२ जुलै २०२४

चि. सौ. श्रेयास,
बद्रीनाथचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू निर्धास्त राहा. फुलंब्रीच्या रानात मी उभा जन्म कपाशी काढली, हे वीतभर झाड मला काय जड आहे? खरं सांगू का, गुडघे गेले म्हणून रान पुतण्याला बटईनं दिलं अन् या तिसऱ्या मजल्यावर येऊन बसलो, तवापासून हाताला कामच नाय. सोमनाथ मला पाण्याचा पेलाबी उचलू देत नाय. बिडकीनच्या कारखान्यातून घरी आला की आधी मला विचारतो, आज पडला-बिडला तर नाय ना? तू जाता जाता एक काम सोपवलंस, लई बरं वाटलं बघ.

पण पोरी, तुझं झाड उपाशी होतं. त्या खिडकीत ऊन कुठं आहे? उन्हाशिवाय पीक येतं व्हय? आता रोज सकाळी त्याला गच्चीवर नेतो अन् संध्याकाळी खाली आणतो. गुडघे कुरकुर करतात, करू दे. फुलंब्रीहून शेणखत आणवलं, मूठभर घातलं. अन् ते थोडं थोडं पाणी पाजणं मला काय पटलं नाय. आपल्या गल्लीत नळ आला तर आला, नाय तर आठवडा कोरडा. पाण्याची पाळी आली की रान भरून घ्यायचं, पुढची पाळी कोणी पाहिली? काल नळ आला तसं कुंडीच नळाखाली धरली, पानं धुऊन काढली, तुडुंब पाजलं अन् बशीतबी भरून ठेवलं. गडी एकदम ताजातवाना झालाय.

समोरच्या दारातल्या राहतबी रोज तुझी खुशाली विचारतात. तुझ्या बाळासाठी पिवळ्या लोकरीचं टोपडं विणायला घेतलंय त्यांनी. मी म्हटलं, तुमच्या घरात मनीप्लांट टिकत नाय, लोकर तरी टिकवा. लई हसल्या.

पडून राहा, उठायचं नाव काढू नको. लोभ आहेच, तो तिकडूनबी येऊ दे.

तुझा,
नाना


॥ श्री ॥
नाशिक
९ जुलै २०२४

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचता वाचता मी ताडकन उठून बसले, तर वहिनीने डोळे वटारून पुन्हा आडवं केलं. चूक माझीच. शेतकऱ्याला काय शिकवायचं म्हणून मी काही सांगितलंच नाही.

नाना, ती कपाशी नाही हो! तिला उजेड हवा, पण ऊन अंगावर नको. गच्ची एकदम बंद, तुमचे गुडघेही सुटतील. पानांवर पाणी नको, आणि पानांच्या मधोमध जो कोवळा कोंब आहे तिथे तर थेंबही नको. पाणी बशीत घालायचं, घटकाभराने उरलेलं ओतून टाकायचं. शेणखत काढा. आणि नळाचं पाणी तिला गारही लागतं आणि त्यात औषधही असतं. पाण्याच्या दिवशी आपण ड्रममधलं शिळं पाणी ओतून देतो ना, ते थोडं तिच्यासाठी ठेवा. तिला तेच मानवतं. आमच्या आईलाही डोक्यावर पाणी पडलेलं खपत नसे. दोन थेंब आले की ती बाजारातून अर्ध्या वाटेने परत फिरायची.

मी बरी आहे. बाळ हात-पाय मारतंय, मला तर वाटतं तुमच्यासारखं हट्टी निघणार. झाडाचं कसं आहे ते लगेच कळवा. रागावू नका, आणि रागावलात तरी पत्र धाडा.

तुमची,
श्रेया


॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर
३ ऑगस्ट २०२४

चि. सौ. श्रेयास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पाऊस लागून होता, पोस्टात जाणं झालं नाय. तू सांगितलं तसं सगळं केलं. आपलं झाड एकदम झकास आहे. काळजी करण्यासारखं काय नाय.

दुसरी एक गोष्ट. आपल्या राहतबींनी डिट्टो तुझ्यासारखंच झाड आणलंय. कुठून आणलं, मी विचारलं नाय. पण त्या बिचाऱ्या लई परेशान आहेत. पानांवर तपकिरी डाग पडले, मधला कोंब काळा पडून लिबलिबीत झाला, कडेची पानं ओल्या फडक्यासारखी लोळतात. कुंडीतून आंबूस वास येतो, वर चिलटं. अन् गंमत अशी की माती ओलीगच्च असून झाड तहानल्यासारखं दिसतं. म्हणून त्यांनी, मधी तुझं पत्र यायच्या आधी, अजून पाणी पाजलं. तर जास्तच खचलं.

त्यांनी मला विचारलं, मी म्हटलं सूनबाईला विचारून सांगतो. तूच सांग आता काय करायचं. त्या बाईंना जेवण जात नाय गं. त्यांचं म्हणणं असं की, ज्या माणसानं एवढ्या विश्वासानं दिलं त्याला तोंड कसं दाखवायचं? मीबी त्यांना काय बोलणार?

आपलं झाड मात्र झकास आहे. तू चिंता करू नको, डॉक्टरबाईंनी सांगितलंय ना. उलट टपाली लिही. लई वाट बघतोय.

तुझा,
नाना


॥ श्री ॥
नाशिक
८ ऑगस्ट २०२४

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

आपलं झाड झकास आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. आता राहतचाचींच्या झाडाचं बघू.

त्यांना आधी हे सांगा की जेवण सोडू नका. ज्याने ते झाड दिलं, त्याने नीट सांगितलं नसेल तर चूक त्याचीही आहे. मला खात्री आहे, तो माणूस रागावणार नाही.

मुळं कुजली आहेत, म्हणून ओल्या मातीतही झाडाला पाणी पिता येत नाही. कोंब काळा पडला म्हणजे ते झाड आता राहत नाही. चाचींना हे जरा हळू सांगा. पण त्याच्या कडेच्या पानांत अजून घट्ट, हिरवी, डाग नसलेली पानं शोधा. असं पान बोटाच्या पेराएवढ्या देठासकट स्वच्छ ब्लेडने तिरपं कापायचं. काप थोडा सुकू द्यायचा. कोकोपीटमध्ये जाड वाळू मिसळून, नुसती ओलसर करून, छोट्या पेल्यात देठच तेवढा खोचायचा. पेल्याला खाली भोक हवं. वरून पारदर्शक पिशवी घालून खिडकीत उजेडाला ठेवायचं. पाण्याची भीती वाटत असेल तर वातीची युक्ती करा. दोऱ्याचं एक टोक मातीत, दुसरं खाली पाण्याच्या डबीत. झाड लागेल तेवढं आपणच पितं, माणसाचा हात सैल सुटायची सोयच नाही.

मग देठाच्या पायथ्याशी पिल्लं फुटतात. पण लई (बघा, तुमचा शब्द लागला!) उशिरा. तोवर पान नुसतं उभं असतं, ढिम्म. उपटून बघायचं नाही. आई म्हणायची, हे झाड लावणाऱ्याला आधी बसायला शिकवतं. मी पण इथे तेच शिकतेय.

चाचींची काळजी घ्या. त्यांना माझ्यातर्फे पोटभर जेवू घाला.

तुमची,
श्रेया


॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर
२१ सप्टेंबर २०२४

चि. सौ. श्रेयास अनेक आशीर्वाद.

राहतबींच्या पानांची हकीकत ऐक. शोधून शोधून तीन पानं धड मिळाली. पहिलं देठापासून विरघळलं. दुसरं उपटलं गेलं. आता तू म्हणशील, सांगून बी उपटलं? अगं, जन्माची सवय. सरकी टोकली की चार दिवसांनी माती उकरून बघायची, मोड आला का. हात आपोआप गेला. म्हणजे राहतबींचा. बघितलं तर देठाला केसासारखी बारीक मुळी आली होती, ती तुटली. त्या दिवशी मी स्वतःला, म्हणजे त्यांना, लई शिव्या दिल्या.

राहिलं एक पान. पानापासून झाड होतं हे मी पानफुटी सोडून कुठं ऐकलं नव्हतं, त्यामुळं भरवसा वाटत नाय. वातीसाठी मी आपल्या रानातला कापूस आणून झकास वात वळून दिली होती. तिला बुरशी धरली. आपल्याच कापसानं दगा दिला! मग राहतबींनी तुझ्या बाळाच्या टोपड्यातली पिवळी लोकर तोडून दिली. ती बरोबर पाणी ओढते. पाणीबी ड्रममधलं शिळंच. परवा नळ आला तर सोमनाथ ड्रम रिकामा करायला निघाला, मी आडवा पडलो.

मी रोज सकाळी उठलो की आधी त्याच्याकडं बघतो. म्हणजे त्यांच्या घरी जाऊन बघतो. पान जागच्या जागी ढिम्म उभं आहे.

तुझी खुशाली कळव. या खेपेच्या पत्रात तू स्वतःविषयी काय लिहिलं नाय. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
नाना


॥ श्री ॥
नाशिक
५ ऑक्टोबर २०२४

ती. नानांस,
रूपाचा सा. न. वि. वि.

श्रेयाच्या ऐवजी मी लिहितेय, म्हणून आधीच सांगते, आता ती आणि बाळ दोघंही ठीक आहेत. गेल्या आठवड्यात तिला अचानक त्रास झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं. सोमनाथराव येऊन गेले. तुम्हाला सांगू नका अशी तिची ताकीद होती, म्हणून त्यांनी तुमच्यापाशी कंपनीच्या कामाचं निमित्त केलं. पण तुमच्यापासून लपवणं मला बरं वाटेना.

डॉक्टरबाई म्हणतात, अजून काही आठवडे बाळाने आतच थांबायला हवं आणि हिने खचता कामा नये. पण ती खचत चाललीय. जेवत नाही. हाताला सलाइन, आणि मला विचारत काय होती, तर संभाजीनगरच्या राहतचाचींच्या पानाला काही फुटलं का, नानांना विचार. रोज तेच. माझ्या सासूबाईंच्या आठवणीने तिचं असं होतंय की काय, मला कळत नाही. तुमच्याकडे काही बरी बातमी असेल तर लगेच कळवा, नाना. तिला तीच हवी आहे.

घरच्यांचा नमस्कार. आमच्यावर दृष्टी असू द्यावी.

आपली,
रूपा


॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर
९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. श्रेयास अनेक अनेक आशीर्वाद.

फुटलं! पोरी, फुटलं!

चार दिवसांमागंच मातीतून हिरवं टोक वर आलं होतं. दृष्ट लागेल म्हणून मी कोणालाच बोललो नाय. आज रूपाचं पत्र आलं, वाचलं. तसाच उठलो, चष्मा लावला, बॅटरी घेतली अन् पिशवीत डोकं घातलं. एक नाय, चांगला झुबका आहे! उंदराच्या कानाएवढी पानं, अन् त्या कानांवर लव. एवढीशी असून बापासारखी, आपलं आईसारखी, हुबेहूब! मी इतक्या जोरात ओरडलो की राहतबी पीठ भरल्या हातानं धावत आल्या. त्यांना वाटलं मी पडलो. मग दोघं बी त्या पेल्यापुढं बसून हसत होतो अन् डोळे पुसत होतो. त्यांनी जिन्यातल्या प्रत्येक दारी गूळ वाटला. कशाचा, ते कोणाला कळलं नाय, पण सगळ्यांनी खाल्ला.

एवढं मोठं झाड कुजलं, दोन पानं गेली, तिसरं पान इतके दिवस ढिम्म उभं राहिलं. आतून मात्र त्याचं काम चालूच होतं बघ. आपल्याला दिसत नव्हतं एवढंच. तुझंबी तसंच चाललंय. तू फक्त जेव अन् पडून राहा. माझ्यापासून काय लपवू नको. मला ऐकू कमी येतं, सोसायला कमी येत नाय.

पोटभर जेवलीस असं रूपाकडून लेखी आलं पायजे.

तुझा,
नाना


॥ श्री ॥
नाशिक
२ डिसेंबर २०२४

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आजोबा झालात हे सोमनाथनी तुमच्या कानात ओरडून सांगितलंच असेल. तरी माझ्या हाताने लिहायचं सुख सोडवत नाही. मुलगी आहे. डोक्यावर लव आहे, हुबेहूब उंदराचे कान! वेळ भरल्यावरच आली, अगदी डॉक्टरबाईंनी सांगितलं तशी. बारसं घरी आल्यावर तुमच्यासमोरच करू, तोवर सगळे ठमी म्हणतात. तुमचं ते ‘फुटलं’चं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. त्या दिवशी मी दोन वेळा वाढून घेतलं, वहिनीला विचारा.

राहतचाचींना सांगा, पिल्लांची पानं नाण्याएवढी झाली असतील तर आता वेगळी करायची. झुबका हलक्या हाताने सोडवायचा, प्रत्येकाला आपापला छोटा पेला द्यायचा. मोठी कुंडी नको, तंग जागेतच ती फुलते. प्रत्येकाला वात हवीच.

मला अशक्तपणा आहे, बाबा पाडव्याच्या आधी सोडायचं नाव घेत नाहीत. ठमीचे गोड पापे, ते मात्र तुमच्यासाठी, चाचींसाठी वेगळे.

तुमची,
श्रेया


॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर
२३ मार्च २०२५

चि. सौ. श्रेयास अन् चि. ठमीस आजोबाचे भरभरून आशीर्वाद.

आज सकाळी पहिलं फूल उमललं. जांभळं, मधी पिवळा ठिपका. मागोमाग सगळ्यांना कळ्या. सोमनाथ म्हणतो, नाना, तुम्ही नाचायचेच राहिलात. त्याला काय माहीत, तो कामावर गेल्यावर गुडघ्यांना न विचारता नाचलोबी.

आता ऐक. राहतबींकडं कधी झाड नव्हतं. ते आपलंच होतं, तुझ्या आईच्या हातचं. मीच गच्चीवर करपवलं, मीच पाण्यात बुडवलं. तुला चिंता नको म्हणून त्या भल्या बाईच्या नावावर खपवलं. त्यांना नंतर सांगितलं, तर म्हणाल्या, मेरे नाम पे झाड मारा, तो अब जिंदा करके भी दो. मग काय करतो? आज पहिल्या पिल्लाची कुंडी त्यांच्या खिडकीत नेऊन ठेवली, वातीसकट. आता राहतबींकडं खरोखर झाड आहे. खोटं बोललो होतो, ते खरं करून टाकलं.

दुसरी कुंडी फुलंब्रीला पुतण्याच्या घरी. तू सांगितलं तसं सगळं घोकून घेतलंय त्याच्याकडून. सगळ्यात मोठी, जिला आज फूल आलं, ती सोमनाथबरोबर नाशिकला पाठवतोय. त्याच्या मांडीवर खोकं देऊन, गाडी त्याच्या मित्राला चालवायला सांगितली आहे. तू म्हणाली होतीस प्रवासात हलवू नको, पण हिचं घर तिकडंच आहे. ती तुझ्यासाठी नाय बरं का. तुझ्या बाबांसाठी. त्या रिकाम्या खिडकीसाठी. तुझ्यासाठी इथं स्वयंपाकघरात कळ्यांनी भरलेली दोन आहेत, तू उंबरा ओलांडशील तवा फुललेली असतील. हा माझा शब्द.

रागावणार असशील तर घरी येऊन समोर रागाव. वाट बघतोय.

तुझा,
नाना


॥ श्री ॥
नाशिक
२७ मार्च २०२५

ती. नानांस,
श्रेयाचा आणि ठमीचा शि. सा. न. वि. वि.

नाना, ज्यांच्या घरात मनीप्लांट टिकत नाही, त्या राहतचाची आफ्रिकन व्हायोलेट आणतील होय? ऑगस्टातलं तुमचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. खूप रडले त्या दिवशी. पण पुढे वाचलं की त्या बाईंना जेवण जात नाही, आणि रडता रडता हसू आलं. आईचं झाड गेलं, पण त्याच्यासाठी जेवण सोडणारं माणूस माझ्या घरी आहे, हे तेव्हा समजलं. मग मीही सगळं चाचींच्याच नावाने लिहीत राहिले.

काल सोमनाथ खोकं घेऊन आले. मांडी अवघडून गेली होती, पण फूल जसंच्या तसं. बाबांनी ते बघितलं आणि थेट आईच्या खोलीत गेले. आम्हाला आतून खाडखाड ऐकू आलं. गंजलेली कडी हातोडीने काढत होते. आईची खिडकी उघडली, नाना. त्यांनी आपल्या धोतराच्या सोग्याने कट्टा पुसला, कुंडी ठेवली आणि ठमीला तिच्यासमोर धरून बराच वेळ उभे राहिले. ठमीच्या डोक्यावर खोक्याबरोबरच आलेलं चाचींचं पिवळं टोपडं, कुंडीखाली त्याच लोकरीची वात.

पाडव्याला येतोय. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवा, ठमीला पायाने लवंडू दे, आणि झाडं जवळच ठेवा.

आणि हो, आज सकाळी बाबा माझ्यापाशी आले. किती उजेड, किती पाणी, खत कुठलं, सगळं विचारायला लागले. मी म्हटलं, मला काय विचारता? संभाजीनगरला पत्र टाका. तिथे माझे सासरे आहेत, यातलं त्यांना सगळं कळतं. त्यांचं पत्र तुम्हाला मिळेलच. सविस्तर उत्तर द्या.

तुमचीच लेक,
श्रेया